नवीन मशीन घेण्याआधी कोड बघा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात एआय आणि महागड्या मशीनबद्दल रोज काहीतरी येतं, म्हणून म्हटलं आपलाही एक अनुभव कळवावा. काकांच्या किराणा दुकानाची वर्षभराची बिलं होती, लोक कशाबरोबर काय नेतात ते मोजायचं होतं. माल 4000 प्रकारचा, म्हणजे जोड्याच 79,98,000 आणि तीन-तीनचे गट करायला गेलं तर हजार कोटींच्या वर! माझा प्रोग्राम प्रत्येक जोडीसाठी सगळी बिलं पहिल्यापासून चाळायचा, रात्रभर चालला, सकाळी लॅपटॉप तापलेला आणि उत्तर काहीच नाही. मित्र म्हणाला, नवीन घे.

मग संगणकशास्त्रज्ञ राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांची 1994 ची, एकत्र विकल्या जाणाऱ्या वस्तू शोधायची अॅप्रिओरी पद्धत वापरली. अहो, किमान शंभर बिलांत येणाऱ्याच जोड्या हव्या असतील तर जी वस्तूच शंभर बिलांत नाही तिची जोडी शंभर बिलांत कुठून येणार, मग ती आधीच काढून टाकायची, एवढंच! वर नावांऐवजी नंबर वापरले आणि प्रत्येक बिलातल्याच जोड्या मोजल्या, दहा वस्तूंच्या बिलात त्या फक्त 45 होतात. त्याच जुन्या लॅपटॉपवर चहा संपायच्या आत काम झालं. कॉलेजात हेच परीक्षेपुरतं पाठ केलेलं, खरी बिलं कुणी हातात दिलीच नाहीत. रविवारच्या पुरवणीत असलं पण छापा की कधीतरी.

बाकी निकालात सगळ्यात वर चहा-साखर आली, काका म्हणाले हे मला विचारलं असतंस तरी चाललं असतं.

– एक वाचक, सांगली