ताहितीचे नाव आणि ताहितीचा माल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील काळ्या मोत्यांवरच्या लेखात हे मोती ‘ताहिती बेटाच्या किनाऱ्यावर पिकतात’ असे विधान आहे. मोत्यांच्या नावावरून कोणीही असाच समज करून घेईल, म्हणून लेखिकेला दोष देण्यापेक्षा त्या नावाविषयीच थोडे लिहावेसे वाटते.

ताहिती हे दक्षिण पॅसिफिकमधील ज्वालामुखीजन्य बेट आहे. दोन विझलेले ज्वालामुखी तारावाओच्या चिंचोळ्या भूपट्टीने जोडले गेले असून थोरल्या भागास ताहिती नुई आणि धाकट्यास ताहिती इती म्हणतात. ओरोहेना हे त्याचे सर्वोच्च शिखर २,२४१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारे सहाशे मीटरने उंच आहे. काळे मोती देणाऱ्या काळ्या ओठांच्या शिंपल्यांची शेती मात्र प्रामुख्याने तेथून शेकडो किलोमीटर दूर, तुआमोतु द्वीपसमूहातील सखल कंकणद्वीपांच्या (कड्याच्या आकाराच्या प्रवाळबेटांच्या) खाजणांत आणि गांबिये बेटांच्या परिसरात होते. हा सारा प्रदेश फ्रेंच पॉलिनेशियात मोडतो आणि त्याची राजधानी पापीते ताहितीवर आहे. व्यापार राजधानीतून चालल्यामुळे मोत्यांना तिच्या बेटाचे नाव मिळाले. मोझांबिकवरून मोसंबी झाली असे जे आपल्याकडे सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

असे नाव लागलेल्या वस्तू आणखी आहेत. ‘ताहिती लिंबू’ या बिनबियांच्या लिंबाचा उगम ताहितीत नाही. एकोणिसाव्या शतकात ते तेथून कॅलिफोर्नियात पोहोचले, एवढाच त्या नावाला आधार. (याच लिंबाला ‘पर्शियन’ही म्हणतात.) ‘ताहिती व्हॅनिला’ हा मध्य अमेरिकेतील दोन जातींचा संकर असून त्याची लागवड बव्हंशी ताहाआ या दुसऱ्याच बेटावर होते. एवढेच नव्हे, तर डिसेंबर २०११ मध्ये एएमडी कंपनीने सादर केलेल्या रेडिऑन एचडी ७९७० या ग्राफिक्स कार्डातील चिपचे सांकेतिक नावही ताहितीच होते. त्याचा उगम शोधण्याचे कष्ट निदान कोणी घेणार नाही.

आपल्या परसातील रायआवळ्यालाही इंग्रजीत ‘ओताहिती गूजबेरी’ असे एक नाव आहे. त्यातील ‘ओ’ची कथा गमतीची आहे. १७६७ मध्ये आलेल्या वॉलिस या ब्रिटिश दर्यावर्दीने बेटाला आपल्या राजाचे, तिसऱ्या जॉर्जचे, नाव दिले. पुढल्याच वर्षी फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिलने (आपल्या कुंपणांवरची बोगनवेल याच्याच नावाची) त्याला ‘नवे सायथेरा’ म्हटले. ही दोन्ही नावे टिकली नाहीत. शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी १७६९ मध्ये आलेल्या ब्रिटिश दर्यावर्दी कुकने रहिवाशांकडून ऐकून ‘ओताहिती’ असे लिहिले. वस्तुतः ‘ओ ताहिती’ म्हणजे ‘हे ताहिती आहे’. पूर्ण वाक्याचेच नाव झाले आणि ते इंग्रजीत कित्येक दशके चालले. जमैकात एका लाल, जामाच्या जातीच्या फळाला आजही ‘ओताहिती सफरचंद’ म्हणतात.

ताहितीहून खरोखर जगभर गेलेल्या गोष्टींवर मात्र तिचे नाव नाही. तेथून नीरफणसाची रोपे वेस्ट इंडीजला नेताना कॅप्टन ब्लायच्या ‘बाउंटी’ जहाजावर एप्रिल १७८९ मध्ये बंड झाले, आणि दुसऱ्या सफरीत, १७९३ मध्ये, ती रोपे तेथे पोहोचली. पण त्या फळाला इंग्रजीत ‘पावाचे फळ’ एवढेच म्हणतात. आपल्याकडे गोंदणाला मागे सारून रूढ झालेला ‘टॅटू’ हा शब्दही मूळचा पॉलिनेशियन ‘तताउ’. कुकच्या १७६९ मधील त्या सफरीतून, ताहितीतल्या मुक्कामामुळे, तो इंग्रजीत शिरला.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगच्या स्पर्धा ताहितीत झाल्या, हे आपल्या क्रीडा पानावरील वृत्त मात्र अक्षरशः बरोबर होते, कारण तेआहुपोओ ही जागा ताहिती इतीच्या किनाऱ्यावरच आहे. तेव्हा त्याच पानावर या बेटाचे नाव कधी ‘टाहिटी’, कधी ‘तहिती’ असे छापून आले होते. मूळ उच्चारात दोन्ही ‘त’ दंत्य आहेत आणि ते लिहिण्याची सोय देवनागरीत असताना इंग्रजीच्या वाटेने ‘ट’ आणण्याचे कारण नाही. यापुढे ‘ताहिती’ असेच छापावे आणि मोत्यांच्या लेखातील विधानाची दुरुस्ती पुढील पुरवणीत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले