नॉरफोकचा जॉन पास्टन

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या एका जमीनदाराची पत्रं मी का वाचत बसलोय, असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितोय. तू जमिनीचे दावे चालवणारा माणूस, तुला हा जॉन पास्टन माझ्याआधी कळेल.

जन्म 1421, नॉरफोक परगणा. आजोबा स्वतःचा नांगर स्वतः धरायचे, असं वैरी हिणवायचे. वडील विल्यम शिकून न्यायाधीश झाले आणि त्यांनी जमिनी जोडल्या. 1444 साली ते वारले आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरावर सगळा भार पडला. दबा धरून बसलेले लगेच पुढे सरसावले. 1448 मध्ये लॉर्ड मॉलिन्स या उमरावाने पास्टनांची ग्रेशॅमची जहागीर बळकावली. जॉन लंडनमध्ये अर्जविनंत्या करत होता, आणि इकडे मार्गारेट, त्याची बायको, त्याला पत्रात कळवत होती: धनुष्यं पाठव, बाण पाठव, आणि हो, एक पौंड बदाम, एक पौंड साखर, मुलांच्या कपड्यांना कापडही. एकाच पत्रात सगळं! मला हे पत्र फार आवडतं. जानेवारी 1450 मध्ये मार्गारेट ग्रेशॅमच्या ज्या वाड्यात होती, त्यावर मॉलिन्सची माणसं चालून आली. जॉनच्या तक्रारअर्जानुसार हजारभर. आत मार्गारेट आणि बाराएक माणसं. तिच्या खोलीखालची भिंत पोखरून तिला उचलून बाहेर नेलं.

अशा माणसाने निवडणुकीत का पडावं? कारण जमीन राखायची तर वरच्यांपर्यंत शब्द पोचायला हवा, असं मला वाटतं. परगण्यातून पार्लमेंटला दोन जण जायचे. मत द्यायला वर्षाला किमान 40 शिलिंग उत्पन्नाची जमीन लागे. पण कोण निवडून यायचं हे बऱ्याचदा मोठ्या उमरावांकडे ठरायचं. 1455 मध्ये नॉरफोकच्या डचेसने, म्हणजे तिथल्या ड्यूकच्या बायकोने, जॉनलाच पत्र लिहिलं: आमची माणसं पार्लमेंटमध्ये हवीत, तुमचं मत आमच्या दोन उमेदवारांना द्या. त्यातला एक जॉन हॉवर्ड. त्याची परगण्यात नीटशी जमीनच नव्हती, बाहेरचा माणूस लादला म्हणून लोक चिडले, तरी तोच निवडून आला.

जॉन स्वतः 1460 आणि 1461 मध्ये निवडून आला. 1461 ला हॉवर्ड शेरीफ होता, म्हणजे निवडणूक घेणाराच विरोधी गटातला. नॉर्विचच्या कचेरीत वाद पेटला आणि हॉवर्डच्या एका माणसाने जॉनवर दोनदा खंजीर चालवला. अंगात जाड डबलेट, म्हणजे अस्तर भरलेला अंगरखा, होता म्हणून वाचला. पुढे राजाने बोलावलं, हा वेळेवर गेला नाही, आणि लंडनच्या फ्लीट तुरुंगात जावं लागलं. थोड्याच दिवसांत सुटका झाली, हॉवर्डलाही कोठडी दिसली.

याच्या मुळाशी केस्टरचा किल्ला. त्याचा मालक, श्रीमंत म्हातारा सरदार सर जॉन फास्टॉल्फ, 5 नोव्हेंबर 1459 ला निपुत्रिक वारला आणि त्याची बरीचशी मिळकत जॉनच्या वाट्याला आली. तेव्हापासून ड्यूक, वकील, जुने कारभारी, सगळे हात धुऊन मागे लागले. आणखी दोनदा फ्लीट, आणि 1466 च्या मे महिन्यात लंडनमध्ये मृत्यू. वय अवघं चव्वेचाळीस. अंत्यविधीला ब्रॉमहोमच्या मठात मात्र एवढ्या मशाली पेटवल्या की धूर बाहेर जायला खिडकीच्या दोन काचा काढाव्या लागल्या. काचवाल्याला त्याचे वीस पेनी दिल्याची नोंद आहे. थडगं मात्र बारा वर्षांनीसुद्धा उभं राहिलं नव्हतं, मार्गारेट थोरल्या मुलाला त्यावरून बोलत होती.

मला या माणसाचा लळा लागलाय. हट्टी होता, घरच्यांशीही कडक होता, पण त्याची जिद्द थक्क करते. आता तुला एक वकिली प्रश्न. फास्टॉल्फने मरणाच्या दोन दिवस आधी आपल्याला सगळं दिलं, असं जॉनचं म्हणणं. तोच लाभार्थी, तोच मृत्युपत्राचा व्यवस्थापक, आणि बाकीचे व्यवस्थापक, विल्यम येल्व्हर्टन आणि विल्यम वुस्टर, ठाम विरोधात. हे मृत्युपत्र तुझ्या कोर्टात टिकलं असतं का? सविस्तर लिही, फोन नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विजय