टीव्हीची छत्री बसवून देणाऱ्या दादांस

दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, न विचारता कुणाचं नाव असं चारचौघांत टाकणं बरं नाही. पण काल रात्री सासूबाई टीव्हीसमोर बसून मोठमोठ्यानं कानडीत उत्तरं देत होत्या आणि बरोबर आलं की स्वतःच टाळी वाजवत होत्या, ते ऐकून मला राहवलं नाही.

तुमच्याआधी काय काय झालं ते थोडक्यात सांगते. सासूबाईंचं माहेर विजापूरकडचं. लग्न होऊन इकडे आल्या आणि कानडी बोलायला कुणी उरलंच नाही, आमच्या घरात कुणाला ओ की ठो येत नाही. गुडघ्यांमुळे आता बाहेर जाणं बंद झालंय, म्हणून म्हटलं निदान टीव्हीवर तरी त्यांची भाषा लागू दे. ज्यांना आम्ही दर महिन्याला न चुकता पैसे भरत होतो (कंपनीचं नाव जाऊ दे) त्यांच्या कस्टमर केअरवर फोन केला. एक म्हणाला तुमच्या रीजनमध्ये ते पॅक नाही, दुसरी म्हणाली आहे, पैसे कापले गेले, चॅनल काही आलं नाही आणि मग कंप्लेंट क्लोज झाल्याचा मेसेज मात्र वेळेवर आला! प्रत्येक फोनला आधी तेच गाणं, की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एवढा महत्त्वाचा होता तर एकदा तरी उचलून नीट ऐकायचा ना.

शेवटी वैतागून दूरदर्शनची डीडी फ्री डिश घ्यायचं ठरवलं. खरं सांगते, स्वस्तात पडतं म्हणून. एकदा बॉक्स आणि छत्रीचे पैसे दिले की दर महिन्याचा रिचार्ज नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तुम्ही आलात, काम केलंत, सिग्नल धरला, ते सगळं मी फारसं बघितलंही नाही. पण निघायच्या आधी तुम्ही रिमोट माझ्या हातात दिला नाहीत. तुम्ही सरळ पलंगापाशी गेलात आणि विचारलंत, "आजी, तुम्हाला काय बघायला आवडतं?"

दादा, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. कोणतं पॅक पाहिजे, किती चॅनलचं पाहिजे, एचडी पाहिजे का, हे सगळ्यांनी विचारलं आणि तेही मला. सासूबाई आधी नेहमीप्रमाणे "काहीही चालतं" म्हणाल्या. तुम्ही तिथेच स्टूल ओढून बसलात. मग हळूच त्या म्हणाल्या, कानडी काही लागतं का हो? तुम्ही डीडी चंदना, म्हणजे दूरदर्शनचं कानडी चॅनल, लावलंत आणि त्यांना बटण दाबून दाबून दाखवलंत, परत परत, त्यांच्या बोटाला सवय होईपर्यंत. तुम्हाला पुढचं काम होतं, फोन वाजत होता, तुम्ही तो कापलात. त्या बसण्याचे तुम्ही पैसे लावले नव्हते आणि तेच माझ्या मनातून जात नाहीये.

आता रोजचा प्रोग्रॅम ऐका. चंदनावर 'थट् अंत हेळी' नावाची प्रश्नमंजुषा लागते, २००२ पासून चालू आहे म्हणे, डॉ. ना. सोमेश्वर घेतात, पेशानं डॉक्टर माणूस. बरोबर उत्तराला बक्षीस काय, तर पुस्तक. कोटी नाही, गाडी नाही, रडारड नाही, घाबरवणारं म्युझिक नाही. मला शब्द कळत नाही तरी मी बसते. सकाळी यांना डीडी भारतीवर शास्त्रीय गाणं लागतं. सातच्या बातम्या सह्याद्रीवरच, कारण तिथे एका वेळी एकच माणूस बोलतो. दुपारी कुणी नसलं की सासूबाई डीडी किसान लावतात, शेत विकून कितीतरी वर्षं झाली तरी कपाशीवरच्या अळीचं ऐकतात आणि तज्ज्ञांना नावंही ठेवतात. मुलीला त्यातच शाळेच्या अभ्यासाचे चॅनल सापडले. परवा चाळता चाळता संस्कृत बातम्या लागल्या, खाणाखुणांच्या भाषेतल्याही लागल्या, एकदा राज्यसभा लागली तर यांनी ती तासभर बघितली, का ते देव जाणे.

मला माझं लहानपण आठवलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या घरी टीव्ही आला तो बऱ्याच नंतर, पण तेव्हाही तसंच होतं, एकाच चॅनलवर शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', कामगारांसाठी 'कामगार विश्व', मुलांसाठी 'किलबिल', आणि निर्माते आकाशानंद यांचं 'ज्ञानदीप', ज्याची लोकांनी गावोगाव मंडळं काढली होती. आपलं नसलेलंही बघावं लागायचं, तेव्हा कंटाळा यायचा, पण त्यामुळे दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळायचं. आता माझ्या फोनला माझी आवड एवढी पाठ झालीय की तो मला दुसरं काही दाखवतच नाही.

सगळं छान आहे असंही नाही हां. सरकारी योजनांच्या जाहिराती इतक्या की पाठ झाल्यात, बातम्यांत सरकारला अडचणीचं काही क्वचितच ऐकू येतं, काही सेट बघून वाटतं पडदा शेवटचा कधी धुतला असेल. आणि फ्री डिशवर खाजगी चॅनलही लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे ओरडाआरड हवीच असेल तर तीही फुकट मिळते. पण ज्याच्याकडून कुणाला चार पैसे सुटणार नाहीत अशा माणसासाठी, म्हणजे विजापूरच्या माहेराची आठवण काढणाऱ्या म्हातारीसाठी, बहिऱ्या माणसासाठी, संस्कृत ऐकणाऱ्या मूठभर लोकांसाठी कुणीतरी कार्यक्रम करून ठेवलाय. तो करणाऱ्यांचेही आभार मानायला हवेत. फक्त तो कार्यक्रम आमच्या पलंगापर्यंत पोचवायला तुमच्यासारखा स्टूल ओढून बसणारा माणूस लागला. अशी माणसं मोठ्या ऑफिसात का टिकत नाहीत कोण जाणे, की टिकतात आणि आमच्या फोनवर येत नाहीत?

सासूबाईंनी तुम्हाला निरोप दिलाय, की पुढच्या वेळी चहा न घेता गेलात तर छत्री काढून टाकीन. आणि हो, शेजारच्या काकूंनाही छत्री बसवायचीय, त्यांना बंगाली पाहिजे, सूनबाई कोलकात्याची आहे. डीडी बांगला लागेल असं मी छातीठोक सांगून बसलेय. तुमचा फोन लागत नाहीये, नंबर बदललाय का? वाचलंत तर कळवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई