पोलीस ठाण्याचं वर्ष : मित्रास पत्र

मुंबई,
१० जानेवारी

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींच्या चार ओळीही वाचल्या. उत्तराला उशीर झाला, पण डिसेंबर आणि जानेवारीचा पहिला आठवडा आमच्याकडून पत्राची अपेक्षा ठेवूच नकोस. तू तीन गोष्टी विचारल्यास : चोरीला गेलेल्या मोटारसायकलचं काय झालं, तुम्ही पोलीस वर्षभर नेमकं करता काय, आणि थोरल्या मुलीला पोलीस भरतीला बसवावं की नाही. पहिल्या दोन प्रश्नांत राग आहे आणि तिसऱ्यात काळजी. म्हणून त्याच क्रमाने घेतो.

मोटारसायकल. तुमच्या तिकडच्या ठाण्याने 'अ समरी' पाठवली म्हणजे फाईल गुंडाळून माळ्यावर टाकली, असं तू लिहिलंस. तसं नसतं. गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळाला नाही, असा अहवाल न्यायालयाला जातो, ती अ समरी. तक्रारच खोटी निघाली तर ब. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी भानगड असेल तर क. म्हणजे तुझ्या बाबतीत पोलिसांनी लेखी कबूल केलंय की तुझी गाडी खरंच चोरीला गेली. उद्या ती कुठे नाकाबंदीत सापडली तर तपास पुन्हा उघडतो. न्यायालयाने मंजूर केलेल्या समरीची प्रत काढून घे. विमा कंपनी तीच मागेल. एफआयआरची झेरॉक्स घेऊन चकरा मारू नकोस.

समरी डिसेंबरातच का गेली, हा तुझा संशय मात्र बरोबर आहे. ३१ डिसेंबरला प्रत्येक ठाण्याचा वर्षाचा हिशेब लागतो : दाखल किती, उघड किती, प्रलंबित किती. त्यामुळे वर्षभर कपाटात पडलेले कागद शेवटच्या महिन्यात बाहेर येतात. दोषारोपपत्रं, समऱ्या, अपमृत्यूच्या नोंदी. तपासी अधिकारी रात्री एक-एक वाजेपर्यंत केस डायरी पूर्ण करत असतात. गंमत अशी की नेमक्या त्याच महिन्यात बंदोबस्तही सर्वांत जास्त.

आता दुसरा प्रश्न. मी सध्या हजेरीच्या टेबलावर आहे, म्हणजे कोणाला कुठली ड्युटी हे ठरवतो. त्यामुळे ठाण्याचं वर्ष मला गुन्ह्यांतून कमी आणि माणसांच्या वाटणीतून जास्त दिसतं.

आधी माणसं बघ. वर सिनिअर साहेब, म्हणजे वरिष्ठ पोलीस निरीक्षक. त्यांच्या हाताखाली पीआय (निरीक्षक), मग एपीआय (सहायक निरीक्षक), पीएसआय (उपनिरीक्षक). मग आम्ही : सहायक फौजदार, हवालदार, शिपाई. मधला नाईक २०२२ मध्ये रद्द झाला, आता शिपायाचा थेट हवालदार होतो. तुला वाटतं ही सगळी मंडळी चोर पकडायला मोकळी आहेत. तर मोजायला लाग. ठाणे अंमलदार आणि त्याचे मदतनीस, वायरलेस, लॉकअपचा पहारा, सीसीटीएनएसवर, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीच्या संगणकावर बसलेले, मुद्देमाल कारकून, बारनिशी (आवक-जावक), समन्स-वॉरंट बजावणारे, कोर्टात पैरवीला जाणारे, पासपोर्टची पडताळणी करणारे, बीट मार्शल, मोबाईल व्हॅन, निर्भया पथक, गोपनीयवाले. शिवाय आमच्याकडे 'मिल स्पेशल' नावाची ड्युटी असते. साध्या कपड्यात फिरून मोर्चे, युनियन, पक्ष यांची खबर ठेवायची, गिरण्या जोरात होत्या त्या काळापासूनचं काम. यातून आजारी, रजेवरचे आणि कोर्टात साक्षीला गेलेले वजा कर. उरतात ते डिटेक्शनचे, म्हणजे गुन्हे उघड करणारे. बोटांवर मोजण्याइतके.

ठाण्याच्या वर एसीपी (सहायक आयुक्त), त्यांच्यावर परिमंडळाचे डीसीपी (उपायुक्त), त्यांच्यावर प्रादेशिक विभागाचे अपर आयुक्त. असे विभाग पाच : दक्षिण, मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर. मग सहआयुक्त, आणि सगळ्यांवर आयुक्त. त्यांचं कार्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या दगडी इमारतीत, १८९६ पासून तिथेच. तुमच्या जिल्ह्याशी मोठा फरक एकच. तिकडे जमावबंदीचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, इथे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आयुक्तच काढतात. चॅप्टर केस (चांगल्या वर्तनाचा बाँड घेण्याची कारवाई), हद्दपारी, सगळं पोलिसांच्याच घरात. काम झटपट होतं हे खरं. पण आपणच प्रस्ताव द्यायचा आणि आपल्याच साहेबांनी त्यावर निकाल द्यायचा, हे मला एवढ्या वर्षांनंतरही पूर्ण पटलेलं नाही. हे तुझ्यापाशीच ठेव.

माझ्या टेबलावर तीन कॅलेंडरं असतात. इंग्रजी, मराठी पंचांगाचं आणि चांद दाखवणारं उर्दू. नवीन वर्षाचं मिळालं की मी पहिल्यांदा गणपती आणि ईद-ए-मिलाद कुठे येतात ते बघतो. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. आपल्याकडे अधिक महिना येऊन तिथी पुन्हा पुढे ढकलल्या जातात. त्यामुळे काही वर्षं हे दोन्ही सण एकमेकांच्या अंगावर येतात. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस आपणहून दुसऱ्या दिवशी नेला. पुढच्या वर्षीही विसर्जन आदल्या-मागल्या दिवसांत आलं तेव्हा शासनाने मुंबईतली ईदची सुट्टी १६ वरून १८ सप्टेंबरला नेली. वर्तमानपत्रात ही बातमी चार ओळींची होती. पण त्यामागे मोहल्ला कमिटीच्या बैठका, मशिदीच्या ट्रस्टींकडचा चहा आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांची मनधरणी होती. त्यात गेलेले तास कुठल्याही आकडेवारीत येत नाहीत. वर्षातलं सर्वांत चांगलं काम कोणतं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

गणपतीचं काम आषाढातच सुरू होतं. मंडळाचा मंडपाचा अर्ज पालिकेकडे, पण त्यावर आमची आणि वाहतूक शाखेची ना हरकत लागते. कोणत्या गल्लीत दोन मंडळांचं जुनं वैर आहे, कुठल्या मिरवणुकीच्या वाटेत वायर खाली लोंबते, कोणाचा डीजे गेल्या वर्षी जप्त झाला होता, हे सगळं नव्या पीएसआयला सांगायला जुना हवालदारच लागतो. मग प्रतिबंधक कारवाया. जे हमखास राडा घालतात त्यांना आधीच बोलावून बाँड लिहून घ्यायचा. मग दीड दिवसाचं विसर्जन, पाचवा दिवस, गौरी, सातवा आणि शेवटी अनंत चतुर्दशी. दहा दिवस साप्ताहिक सुट्टी बंद. शेवटच्या दिवशी सकाळी ड्युटीवर चढलेला माणूस दुसऱ्या दिवशी लालबागचा राजा गिरगावच्या समुद्रात जाईपर्यंत उतरत नाही. एसआरपी (राज्य राखीव पोलीस), होमगार्ड मदतीला येतात, त्यांच्या जेवणाची आणि झोपायची सोयही ठाण्यानेच बघायची. बाहेरून आलेल्या जवानाला रात्री अडीच वाजता संडास कुठे आहे हे सांगणं हासुद्धा बंदोबस्ताचाच भाग, दिगू. पुस्तकात नाही हे.

बाकीचे महिने भराभर सांगतो. जानेवारीत २ तारखेला पोलीस स्थापना दिन आणि त्याचा सप्ताह. शाळेतली पोरं ठाणं बघायला येतात आणि त्यांना फक्त लॉकअप आणि बंदूक बघायची असते. मग मॅरेथॉन, २६ जानेवारी. मार्चला विधानभवनाचं अधिवेशन, म्हणजे आझाद मैदानात रोज मोर्चे. १४ एप्रिल. उन्हाळ्यात बदल्या : शिपाई-हवालदाराला एका जागी साधारण पाच वर्षं, ती भरली की यादीत नाव. पावसाळ्यात पाणी, झाडं, बंद पडलेल्या गाड्या. दहीहंडी, नवरात्र, दसऱ्याचे मेळावे. २१ ऑक्टोबरला स्मृतिदिन, १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला मारल्या गेलेल्या जवानांचा. त्या दिवशी देशभरात सरत्या वर्षात कर्तव्यावर प्राण गेलेल्या पोलिसांची नावं वाचतात.

आणि डिसेंबर. ६ तारखेसाठी लोक दोन-तीन दिवस आधीपासून शिवाजी पार्कात यायला लागतात. लाखो माणसं, चैत्यभूमीची मैलभर रांग. एवढी गर्दी आणि एवढी शिस्त मी दुसरीकडे बघितली नाही. तिथे आमचं काम मुख्यतः हरवलेली मुलं आणि म्हातारी माणसं. त्याच महिन्यात माहीमच्या दर्ग्याचा उरूस असतो, आणि पहिलं संदल (चंदनाची मिरवणूक) माहीम पोलीस ठाण्याचं जातं. वर्दीतले साहेब डोक्यावर चादर घेऊन चालतात. पहिल्यांदा बघणारा थबकतो. मग नाताळ, आणि ३१ ची नाकाबंदी. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. त्या रात्री प्रत्येक जण कोणाचा तरी भाचा असतो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : वर्ष बंदोबस्तात जातं आणि तपास उरलेल्या वेळात होतो. तपास करायची इच्छा नसते असं नाही. पण पीएसआय पंचनामा करत असतो आणि वायरलेसवर हाक येते की व्हीआयपीचा मार्ग बदलला. २०२४ च्या १ जुलैपासून नवे फौजदारी कायदे आले. झडतीचं व्हिडिओ चित्रण हवं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी यायला हवं. चांगलंच आहे, कोर्टात केस टिकते. पण आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्राची मुदत तीच, ६० किंवा ९० दिवस. एक दिवस चुकला की त्याला जामिनाचा हक्क. त्यात रोज सकाळी कोणी ना कोणी निवृत्त गृहस्थ 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या तोतया पोलिसाला घाबरून, जन्माची पुंजी घालवून दारात उभे. तुझ्या ओळखीच्यांना सांगून ठेव, पैसे गेले की ठाण्यात यायच्याही आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पहिले काही तास गेले की पैसा दहा खात्यांत फुटतो.

२०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली. एका शिपायानेच सुचवली होती, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. साध्या दिवसांत माणसाला घर दिसायला लागलं त्यामुळे. सणात तो हिशेब मोडतो, मोडणारच. माझं म्हणणं एवढंच की बंदोबस्त आणि तपास यांची माणसं वेगळी ठेवा. तपासाच्या माणसाला विसर्जनाच्या दोरखंडाला उभा करू नका. हे मी साहेबांनाही बोललोय. ते हसले.

आता थोरली. बसव तिला. ठाण्याला बाईमाणसाची गरज शोभेपुरती नाही. स्त्री आरोपीची झडती, अत्याचाराच्या गुन्ह्यातला जबाब, लहान मुलाचा जबाब त्याच्या घरी जाऊन साध्या कपड्यात घेणं, ही कामं बाई नसेल तर अडून राहतात. रात्री ठाण्यात दोन महिला शिपाई असल्या की येणाऱ्या बाईचा चेहराच बदलतो. मी बघतो ना रोज. फक्त तिला आधीच सांग, मुंबईत लागली तर पहिली काही वर्षं हत्यारी विभागात जातील, पहारे आणि बंदोबस्त. ठाणं नंतर. आणि घर मिळेपर्यंत डोंबिवली नाहीतर विरारची लोकल.

मैदानी ५० गुणांची : मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण पडले तरच लेखीचा विचार. पोरी धावण्यावर भर देतात आणि गोळ्यात मार खातात. तिला आत्तापासून गोळा हातात दे. नॉन-क्रिमीलेयरची तारीख तपास, डोमिसाईल काढून ठेव, आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते बघ. चाचणी इकडे लागली तर लॉजवर उतरवू नकोस. आमच्याकडे येऊ दे, पहाटे मैदानावर मी सोडेन. फक्त ती तारीख ६ डिसेंबर किंवा चतुर्दशीच्या आसपास नसली म्हणजे झालं. तसं असेल तर आमच्या हिची भावजय सोडेल.

काकूंना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. समरीची प्रत मिळाली की कळव.

तुझा,
बंडू