तार नुसती टांगायची नसते

संपादक महोदय,

आमच्या गल्लीतल्या इंटरनेटच्या केबली आता इतक्या खाली आल्या आहेत की गेल्या मंगळवारी उसाच्या ट्रॉलीने एक ओढून नेली. मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, म्हणून हे पाहवत नाही.

केबल स्वतःचे वजन पेलत नाही. ते पेलायला वर सात पदरी गॅल्व्हनाइज्ड पोलादी तार असते, केबल तिला बांधायची. ही तार किती ओढायची, यातच कसब. झोळ निम्मा करायला गेलात की ताण दुप्पट होतो. मे महिन्यातल्या दुपारी तार कडक ओढली, तर डिसेंबरच्या पहाटे ती आकसून आणखी ताणते आणि खांब वाकवते. शेवटच्या खांबाला उलट्या बाजूने स्टे, म्हणजे खांब मागे धरून ठेवणारी जमिनीत रोवलेली तिरपी तार, हवाच.

आमचे मुकादम तारेला एक झटका देऊन घड्याळ बघत. लाट पलीकडच्या खांबावर आपटून परत हाताला जाणवायची. तिसऱ्यांदा परतायला साडेचार सेकंद लागले, तर झोळ साधारण ७० सेंटिमीटर. मोजपट्टी लागत नसे!

परवा आलेल्या पोरांकडे ना तार ओढायचा पुलर, ना ताण कमीजास्त करायचा आट्यांचा टर्नबकल. तुटलेली केबल जोडून त्यांनी ती पथदिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पट्टीने बांधली. स्टेबद्दल विचारले तर म्हणाले, ‘काका, आमच्याकडे फक्त जोडणीचं काम.’ मग ओढणीचे काम कोणाकडे, ते कंपनीने आणि नगरपालिकेने सांगावे. ट्रॉल्यांचा हंगाम अजून संपलेला नाही.

– एक निवृत्त लाइनमन, मिरज तालुका