तायक्वांदो स्पर्धा : नियम व गुणदानाविषयी सूचना

सर्व खेळाडू व पालकांना कळविण्यात येते की, आपल्या केंद्राची अंतर्गत स्पर्धा येत्या रविवारी सकाळी ८ वाजता सरावाच्याच सभागृहात होईल. वजने ७ वाजता घेतली जातील.

१. क्योरुगीत (प्रत्यक्ष लढतीत) दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांपैकी दोन जिंकणारा विजयी ठरेल. छातीवरील ठोशाला १, लाथेला २ व डोक्यावरील लाथेला ३ गुण आहेत. वळून मारलेल्या लाथेला छातीवर ४, डोक्यावर ५. डोक्यावर ठोसा मारणे, रेषेबाहेर जाणे किंवा पडणे यांस गामजोम (दंड) दिला जाऊन प्रतिस्पर्ध्यास १ गुण मिळेल, आणि एका फेरीत पाच गामजोम झाल्यास ती फेरी गमवावी लागेल.

२. पूमसेत (ठरावीक हालचालींच्या क्रमात) अचूकतेला ४ व सादरीकरणाला ६ गुण असून, आप-कुबीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब पवित्र्यात) पाऊल आखूड पडण्यासारख्या किरकोळ चुकीला ०.१, तर चुकीच्या पवित्र्यासारख्या मोठ्या चुकीला ०.३ गुण वजा होतील.

३. माउथगार्ड पांढरा वा पारदर्शकच असावा.

४. आक्षेप फक्त प्रशिक्षकांनीच घ्यावा. पालकांनी ओरडल्याने छातीच्या कवचातील सेन्सर गुण नोंदवत नाही, खेळाडू मात्र गोंधळतो.