मीटरच्या डिस्प्लेबद्दल, आणि स्टुलाबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,

साष्टांग नमस्कार.

विजेच्या बिलाच्या खात्यावर बाबांच्या नंबराऐवजी माझा मोबाइल नंबर टाकला आहे. कनेक्शन बाबांच्याच नावावर आहे आणि राहील, बिलही तेच भरतील. फक्त मेसेज मला येतील. 'आज रात्री वीज तोडणार, या नंबरावर फोन करा' असले मेसेज चोरांचे असतात. त्या धास्तीने आईला रात्रभर झोप लागत नाही, आणि खरा मेसेज त्या गर्दीत हरवतो. शिवाय आता युनिट मला इथून ॲपवर दिसतील. म्हणून केलं. बाबा मीटरचे आकडे लिहितात त्या वहीवर विश्वास नाही असं मनात आणू नका. वही चालू राहायलाच हवी, कारण ॲपमधला आकडा मीटरशी जुळतो का, हे मीटरसमोर उभं राहणाऱ्यालाच कळतं.

बाबा, तुम्हाला वाटतं तसा आपला नवा स्मार्ट मीटर बिघडलेला नाही. नवा डिस्प्ले एकच आकडा धरून बसत नाही, काही सेकंदांनी बदलत राहतो. मध्येच सगळीकडे 8 उमटतात, ते युनिट नव्हेत. डिस्प्लेचे सगळे भाग उजळतात का, याची मीटर स्वतःच करतो ती तपासणी. मग तारीख, वेळ, युनिट, व्होल्टेज वगैरे येतं. वहीत उतरवायचा तो फक्त केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडा, शेवटी एच असलेला. तुम्ही वहीत लिहिलेला 1.84 नुसत्या केडब्ल्यूचा (kW) आहे. ती कमाल मागणी, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात जड अर्ध्या तासाचा सरासरी भार. गीझर आणि इस्त्री एकदम चालली की तो वाढतो. त्याने युनिट वाढले असं होत नाही. आणि दशांश चिन्ह नीट बघा. 412.6 चे 4126 लिहिले गेले, तर पुढचा सगळा हिशेब दहापट होतो.

पहिलं बिल जास्त वाटलं, त्याचं कारण त्यात दोन मीटर आहेत. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग वजा मागच्या बिलातलं रीडिंग, अधिक नव्या मीटरचं आताचं रीडिंग वजा बसवतानाचं रीडिंग. समजा जुना 18432 वरून 18519 वर थांबला, म्हणजे 87. नवा 3 वरून 61 वर आला, म्हणजे 58. एकूण 145. नवा मीटर शून्यावरूनच सुरू होतो असं नाही, कारखान्यातल्या चाचणीत एखाद-दुसरा युनिट पडलेला असू शकतो. म्हणून मीटर बदलल्याचा तो कागद जपून ठेवा. आई, तो देवघराच्या खालच्या खणात ठेव, रद्दीत जाऊ देऊ नकोस.

डिस्प्ले कोरा दिसला तर आधी शेजारी दिवे आहेत का बघा. सगळीकडेच अंधार असेल तर वाट बघायची, एवढंच. घरात वीज आहे आणि डिस्प्ले कोरा आहे, तर मीटरवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा आणि हाताने सावली करून बघा. आपली मीटरची पेटी पश्चिमेला आहे. एप्रिल-मेच्या उन्हात असली काच तापून काळी पडू शकते, संध्याकाळी आपोआप पूर्ववत होते. संध्याकाळीही कोराच राहिला तर वीज कंपनीच्या 1912 या नंबरावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. फक्त आपल्याच घरात वीज नसेल तर आतल्या पेटीतला एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा खटका) आधी पूर्ण खाली, मग वर. लगेच पुन्हा पडला तर तो हाताने धरून ठेवायचा नाही. वायरमनला बोलवा. मीटरपाशी जळका वास, चरचर किंवा तपकिरी डाग दिसला तर हात न लावता थेट 1912. सील तोडायचं नाही, पेटी ओल्या फडक्याने पुसायची नाही. हे आईसाठी.

मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो तो धोक्याचा नाही. शरणपूर रोडच्या घरी बाबा मला कडेवर घेऊन मीटरची चकती फिरताना दाखवायचे, तिच्यावरची लाल खूण मोजायला लावायचे. त्या खुणेच्या जागी आता हा दिवा आहे. मीटरवर 'इम्प' (imp, म्हणजे लुकलुक) या अक्षरांपाशी आकडा छापलेला असतो. तो 3200 असेल, तर 3200 लुकलुकींचा एक युनिट. बाकी सगळं बंद करून फक्त 75 वॉटचा पंखा चालू ठेवा, मिनिटाला 4 वेळा लुकलुकेल. 2000 वॉटचा गीझर असेल तर मिनिटाला साधारण 107. यापेक्षा फार वेगळं आलं, तरच मीटरवर शंका घ्या. मग मेन स्विच बंद करा. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेनच्या मधून कुठेतरी वीज जाते आहे. ही तपासणी दोघांनी मिळून करा, एक आत आणि एक बाहेर. भाऊ असेल तेव्हा केली तर उत्तम.

मीटरच्या डिस्प्लेवरचं मोबाइलच्या रेंजचं चिन्ह गेलं तरी घाबरू नका. मीटर नोंद स्वतःपाशी साठवतो आणि रेंज आली की पाठवतो. मात्र डिस्प्लेवरची वेळ महिन्यातून एकदा फोनशी ताडून बघा. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत आहे, आणि ती मीटरच्याच घड्याळाप्रमाणे मोजली जाते. ते घड्याळ चुकलं तर सवलत चुकते.

त्या सवलतीपायी आई, पहाटेची आंघोळ नऊनंतर ढकलू नकोस. नाशिकची डिसेंबरची थंडी आणि तुझे गुडघे, पाच-दहा रुपयांसाठी मला हे चालणार नाही. धुण्याचं मशीन, मिक्सर, टाकीची मोटर नऊनंतर लाव, तेवढं पुरे. गीझर पाणी तापलं की बंद, एवढंच कर.

आणि बाबा, स्टुलावर चढायचं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काय सांगितलं ते दोघांनाही माहीत आहे. फोन हातात धरून खालूनच झूम करा आणि सगळे आकडे एकदा फिरून येईपर्यंत दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. मग खुर्चीत बसून केडब्ल्यूएचच्या आकड्यावर थांबवा आणि वहीत लिहा. दर महिन्याच्या 1 तारखेला, सकाळी चहा झाल्यावर. तोच व्हिडिओ मला पाठवा, मी ॲपमधल्या त्याच वेळेच्या आकड्याशी जुळवेन आणि फरक असेल तर संध्याकाळी फोन करेन.

तुमची,
ताई